आर अँड व्ही 'बी' सर्टिफिकेट: राइडिंगची भीती, तबेल्याची व्हायव्हा आणि हातातला दीड महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी स्क्वॉड्रनमध्ये कॅडेट आहे आणि 'बी' सर्टिफिकेटची परीक्षा दीड महिन्यावर आलीय. तबेल्याच्या थिअरीचं टेन्शन नाही म्हणते, कारण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी कॉलेजातच झालंय. टेन्शन सगळं राइडिंगचं. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) खोगिरावर आपटते, मध्यंतरी एका प्रायव्हेट क्लबमध्ये रेसवरून आलेल्या घोड्यावरून पडली आणि तेव्हापासून कँटर (ट्रॉटच्या पुढची, वेगाची चाल) म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात स्क्वॉड्रनचे उस्ताद म्हणतात गुडघे घट्ट ठेव, क्लबवाले म्हणतात गुडघे सैल सोड. मग नेमकं कुणाचं ऐकू आणि उरलेल्या दिवसांत रोज क्लबमध्ये पैसे भरून एक्स्ट्रा राइड घेऊ का?

मी आर्मीत राइडिंग इन्स्ट्रक्टर होतो, मग काही वर्षं एनसीसीच्या पीआय स्टाफवर (कॅडेट्सना शिकवणारे आर्मीचे लोक) काढली, आता रिटायर होऊन पोरापोरींना घोड्यावर बसवतो. तुला तू म्हणतो, माझ्या कॅडेट्सच्या वयाची आहेस.

तर बेटा, मला तुझ्या राइडिंगपेक्षा त्या 'थिअरीचं टेन्शन नाही' या वाक्याची जास्त काळजी वाटली. व्हेटर्नरीची मुलं या परीक्षेत जिथे मार्क घालवतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते. आणि दुसरं असं की तुझी भीती खोगिरावर बसल्यावर सुरू होत नाहीये, ती जमिनीवरच सुरू होतेय. तुझ्या प्रश्नात तू लिहिलंयस की स्क्वॉड्रनमध्ये घोडा सईस (घोड्याची निगा राखणारा) तयार करून आणतो, तुम्ही बसता, राइड संपली की लगाम सईसच्या हातात देऊन कॉलेजला पळता. म्हणजे ज्या प्राण्यावर बसायचंय त्याच्याशी तुझी ओळख रोज पाऊण तासाची, तीही फक्त पाठीवरून. मग भीती वाटणारच, कुणालाही वाटेल.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. तुला कुठला घोडा मिळेल ते तुझ्या हातात नाही. परीक्षा घेणाऱ्या बोर्डावर येणारा ऑफिसर घोडेवाला असेल तर प्रश्न वेगळे येतात, व्हेट असेल तर वेगळे आणि नुसता इन्फंट्रीचा असेल तर तो तुझा टर्नआउट (गणवेशाचा नीटनेटकेपणा) आणि आत्मविश्वास जास्त बघतो. राइडिंगमध्ये कँटरपर्यंत नेतात की ट्रॉटवर थांबतात, जंप घेतात का, हेही त्या दिवशीचे घोडे आणि मैदान बघून ठरतं. पावसात ग्राउंडचा चिखल झाला असेल तर शहाणा माणूस कँटर घेतच नाही. मार्कांची विभागणी मात्र आजच्या आज तुमच्या पीआय स्टाफला विचार, सीनियर्सच्या जुन्या नोट्सवर विसंबू नकोस. ड्रिल, वेपन आणि कॉमन सब्जेक्ट तर आहेतच, त्यात मी पडत नाही.

आता तबेला. समज तुला विचारलं, घोड्याला खायला कसं घालशील. व्हेटर्नरीची पोरगी लगेच सीकम, फर्मेंटेशन, व्होलाटाइल फॅटी अ‍ॅसिड सुरू करते. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, ठीक आहे, सकाळी किती वाजता काय घालशील? की गाडी अडकली. त्याला हवं असतं ते हे: पाणी आधी, दाणा नंतर. थोडं थोडं, पण बऱ्याच वेळा. चारा जास्त, चंदी (म्हणजे दाणा) कामाच्या मानाने. दाणा खाल्ल्यावर तासभर तरी काम नाही. खुराक बदलायचा तर हळूहळू, आठ-दहा दिवसांत. आणि रोज ठरलेल्या वेळेला. या प्रत्येक नियमामागचं कारण तुला आम्हा लोकांपेक्षा चांगलं माहितीय, फक्त ते नियमाला जोडून सांग. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने अगदी लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणून एकदम भरपूर घातलं की कोलिक. साधारण 450 किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन-अडीच टक्के धरून दिवसाला 9 ते 11 किलो कोरडं खाणं आणि पाणी 30 ते 50 लिटर, उन्हाळ्यात आणि कामावर त्याहून जास्त. पण हे आकडे पाठ असून चालत नाही, तुझ्या तबेल्यात चण्याचं माप केवढं आहे, त्यात किती मावतं, कोंडा ओला करून देतात की सुका, हे तुला सांगता आलं पाहिजे. ते एकदा वजनकाट्यावर घालून बघ. बोर्डासमोर 'सर, आमच्या तबेल्यात असं देतात' हे वाक्य आलं की परीक्षकाचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त उघडं पडतं ते खूर उचलताना. 'पाय उचलून दाखव' म्हटलं की मुलं समोरून वाकतात आणि गुडघ्याखाली धरून ओढायला लागतात, घोडा आपला वजन टाकून उभा. करायचं असं. घोड्याच्या खांद्यापाशी, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभी राहा. जवळचा हात खांद्यावर ठेव, तिथून न उचलता पायाच्या मागच्या बाजूने शिरेवरून (टेंडनवरून) खाली सरकव, जाता जाता सूज, गरमपणा बोटांना कळतो तो कळू दे. गाठीपाशी (खुरावरच्या सांध्यापाशी) आलीस की खांद्याने त्याला हलकासा रेट, वजन पलीकडच्या पायावर गेलं की इकडचा पाय हलका होतो, तिथे चिमटीत हलकं दाबलं की तो स्वतःच पाय देतो. हूफ पिक (खूर साफ करायचा आकडा) टाचेकडून पुढे टोकाकडे चालवायचा, उलटा कधीच नाही, कारण निसटला तर फ्रॉगमध्ये (तळव्याच्या मऊ, तिकोनी भागात) घुसतो. फ्रॉगच्या दोन्ही बाजूच्या खाचा साफ कर, नाक जवळ ने, सडका वास आणि काळपट ओल असेल तर थ्रश, म्हणजे फ्रॉग सडण्याचा आजार. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या बेडिंगवर उभ्या घोड्यांना हे हमखास होतं. मग नालेकडे बघ, नाल हलते का, खिळ्यांची टोकं वर आलीत का, खूर वाढून नालेबाहेर आलाय का. नालबंद साधारण चार ते सहा आठवड्यांनी यायला हवा. पाय आपटू नकोस, हाताने खाली ठेव. हे सगळं मिळून एक मिनिटाचं काम आहे, पण त्या एका मिनिटात परीक्षकाला कळतं की ही पोरगी तबेल्यात जाते की नाही.

मालिशचंही तसंच. खरारा, डँडी ब्रश (राठ केसांचा), बॉडी ब्रश (मऊ केसांचा), वॉटर ब्रश, स्पंज, रबर (पुसायचं फडकं), यांची नावं सगळ्यांना येतात. पण डँडी ब्रश तोंडावर आणि केस काढलेल्या नाजूक कातडीवर चालवायचा नाही, बॉडी ब्रशचा मळ खराऱ्यावर घासून काढायचा असतो, डोळ्या-नाकाचा स्पंज वेगळा आणि शेपटीखालचा वेगळा, हे हाताला माहीत असावं लागतं. बाजू बदलताना मागून जायचं तर एकतर पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, हात ठेवून अगदी चिकटून जायचं नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून, मधल्या अंतरातून कधीच नाही. बांधताना सोडगाठ, म्हणजे एका झटक्यात सुटणारी. ती गाठ घरी पलंगाच्या पायाला मारून सराव कर, रोज दात घासून झाले की दोनदा.

सामानात तंग (खोगिराचा पोटपट्टा), रिकीब (पाय ठेवायची कडी), दुमची (शेपटीखालचा पट्टा), जेरबंद (घोड्याने डोकं वर फेकू नये म्हणूनचा पट्टा) ही आपली नावं आणि इंग्लिश नावं दोन्ही तयार ठेव, उस्ताद लोक आपली वापरतात, ऑफिसर इंग्लिश. खोगीर कण्यावर टेकता कामा नये, पुढच्या कमानीखाली विदर्सवर (मान आणि पाठ जुळते तो उंचवटा) बोटं मोकळी गेली पाहिजेत. नोजबँडखाली (नाकावरचा पट्टा) दोन बोटं, थ्रोटलॅशमध्ये (गळ्याखालचा पट्टा) आडवी मूठ. लोखंड (बिट) तोंडात असं बसवायचं की ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडतील. आणि तंग आवळून झाला की पुढचे पाय एकेक करून पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली चिमटलेली कातडी सरळ होते, हे फार थोडे कॅडेट करतात आणि तंगाच्या जखमा तिथूनच होतात. चलाख घोडा तंग आवळताना पोट फुगवतो, म्हणून दोन पावलं चालवून परत एक भोक.

आजारांमध्ये तू माझ्या पुढे आहेस, तरी दोन गोष्टी सांगतो. एक, आकडे तोंडावर पाहिजेत: टेंपरेचर 99.5 ते 101.5 फॅरनहाइट, नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16. आणि 'नाडी घेऊन दाखव' म्हटल्यावर जबड्याखालची शीर शोधण्यात दोन मिनिटं गेली तर आकड्यांचा काही उपयोग नाही. रोज एका घोड्याची घेत जा. दुसरं, तुला सगळे आजार माहीत असल्यामुळे तू सगळे सांगत बसशील. तसं करू नकोस. बोर्डाला कॅडेटकडून हवं असतं की लक्षण ओळखलं, काम थांबवलं, कुणाला कळवलं. कोलिक म्हणजे पायाने जमीन उकरणं, पोटाकडे वळून बघणं, लोळणं, लीद बंद: खाणं काढ, घोड्याकडे लक्ष ठेव, डॉक्टरला कळव. सुट्टीनंतर कामाला काढलेला घोडा मागून आखडला, लघवी कॉफीसारखी: एझोट्युरिया, एक पाऊलही चालवू नकोस. ग्लँडर्सचा संशय: वेगळा बांध आणि लगेच रिपोर्ट, कारण तो माणसालाही होतो आणि 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. सर्रा माशांमुळे पसरतो, म्हणून लिदीचा ढीग तबेल्यापासून लांब. आणि तू मुंबईतली असशील तर घाम न येणारा कोरडा घोडा, अ‍ॅनहायड्रोसिस, याच्यावर एखादं वाक्य तयार ठेव, दमट हवेत थरोब्रेड घोड्यांना तो त्रास होतो आणि स्थानिक गोष्ट सांगितली की ऑफिसर खूश होतो. तसंच देशी जातींचं. मारवाडी-काठियावाडीवर सगळे थांबतात, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया, कच्छी-सिंधी आणि आपल्या दख्खनची भीमथडी पण सांग. कोअरबद्दल विचारलंच तर आरव्हीसीचं (आर्मीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं) सेंटर मेरठला, रेजिंग डे 14 डिसेंबर, आणि कोअरचा इतिहास 1779 पासूनचा धरतात.

आता राइडिंग, ज्याच्यासाठी तू विचारलंस.

गुडघ्यांबद्दल उस्ताद आणि क्लबवाले दोघेही अर्धं बरोबर बोलतायत. उस्ताद घट्ट म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की गुडघा खोगिरापासून फाकू नकोस, खाली उजेड दिसू देऊ नकोस. तू ते ऐकून चिमट्यासारखे आवळतेस. गुडघे आवळले की त्यांचीच बिजागरी होते, तिच्यावर तू पुढे-मागे डोलायला लागतेस, टाच वर येते, बूड खोगिरावरून उचललं जातं आणि पुढच्या ठोक्याला आपटतं. क्लबवाला सैल म्हणतो ते या आवळण्याला. गुडघा चिकटलेला पण आवळलेला नाही, वजन मांडीतून खाली टाचेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत उभी असतेस तेव्हा गुडघे-घोटे आपोआप जे करतात ना, तेवढंच. बाजूने बघितलं तर कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत. बोर्ड तेच बघतो.

रायझिंग ट्रॉटमध्ये (ठोक्याबरोबर उठत-बसत करायचा ट्रॉट) मुलं उंच उठायला जातात. उठायचं नाहीच, घोडा फेकतो तेवढं कंबर पुढे जाऊ द्यायची आणि हळू परत बसायचं. घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना वर, मागे येताना खाली. चुकीच्या डायगोनलवर, म्हणजे उलट्या ठोक्यावर, असलीस तर घाबरून लगाम ओढू नकोस, एक ठोका जास्त बसून राहा, बदलतो आपोआप. मान खाली घालून खांद्याकडे टक लावून बघत बसू नकोस, नुसती नजर टाक. चुकला आणि तू स्वतः सुधारलास तर बहुतेक परीक्षक त्याचे मार्क कापत नाहीत, उलट कळतं की हिला समजतंय.

त्या रेसच्या घोड्याचं. तू लिहिलंयस की तो सुटला म्हणून तू पुढे वाकून लगाम ओढून धरला आणि तो आणखीच पळाला. अगं, त्याला आयुष्यभर तेच शिकवलंय. रेसमध्ये जॉकी पुढे वाकतो, लगामावर घट्ट धरतो, घोडा त्या लोखंडावर टेकून पळतो. तुझी भीती त्याला 'पळ' अशी ऐकू आली. अशा घोड्यावर मागे, खोल बसायचं, श्वास सोडायचा (खरंच, फू करून सोड, त्याबरोबर तुझी कंबर सैल होते), लगाम घ्यायचा आणि सोडायचा, घ्यायचा आणि सोडायचा, सतत ओढ नाही, आणि मोठ्या गोलात वळवायचं, गोल लहान करत आणायचा. यात तुझी लायकी-बियकी काढण्यासारखं काही नाही, नवशिक्या कॅडेटला परीक्षेच्या तोंडावर असा घोडा देणं हाच मूळ घोळ. पडलीस तेव्हा डोक्याला मार लागला होता का ते लिहिलं नाहीयेस. लागला असेल तर डॉक्टरला दाखव आणि ते हेल्मेट बदल, वरून चांगलं दिसलं तरी.

म्हणून रोज क्लबमध्ये पैसे घालायला माझं नाही आहे. आठवड्यातून एक-दोनदा जा, पण मागणी स्पष्ट कर: म्हातारा, शांत घोडा आणि लंजवर धडा. इन्स्ट्रक्टरच्या हातात दोरी, घोडा गोलात, तुझ्या हातात लगामच नाही, रिकिबी काढलेल्या. आधी वॉक, मग सिटिंग ट्रॉट अगदी थोडा थोडा, दमलीस की थांब, कारण दमलेलं अंग परत आवळतं. हात बाजूला पसर, कमरेत वळ. लगाम नसल्यामुळे ओढून धरण्याची सवय मोडते आणि तुझी ट्रॉटची आपटाआपटी बसण्यातच आहे, त्यामुळे ती इथेच सुटेल. तो जमल्यावर कँटर, तोही लंजवरच, कोपरा नसलेल्या गोलात. कँटरला बसायला ट्रॉटपेक्षा सोपं असतं हे तुला तिथे कळेल, त्रास होतो तो ट्रॉटमधून कँटरमध्ये जाताना, घोडा धावत धावत ट्रॉट वाढवतो तेव्हा. म्हणून परीक्षेत कँटर मागितला तर सरळ रेषेत मागू नकोस, ट्रॉट आधी आवर, कोपऱ्यात शिर, आतला पाय तंगापाशी, बाहेरचा थोडा मागे, आणि बस. आतला पुढचा पाय लीड करायला लागला की झालं.

बाकीचे दिवस स्क्वॉड्रनमध्ये तासभर आधी जा. पीआय स्टाफची परवानगी घे, सईस लोकांना सांग की मालिश मी करते, चंदी मी घालते, राइड झाल्यावर घोडा मी थंड करते. पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी झाडू हातात देतील, लीद काढायला लावतील. काढ. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्या नोट्समध्ये नाही, कुठला घोडा तंग आवळताना चावायला वळतो, कुठला पावसाच्या पत्र्याला बिचकतो, कुठला उजव्या लीडवर जातच नाही. परीक्षेत त्यातलाच एखादा तुझ्या वाट्याला येणार. आणि ज्याचे खूर तू रोज उचलतेस, ज्याच्या कानामागे खाजवतेस, त्याच्यावर चढताना पोटातला गोळा बराच लहान झालेला असतो. व्हायव्हाचं अर्धं काम पण त्याच तासात होऊन जातं, दोन वेगळे अभ्यास करायची गरज पडत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नकोस, जंप-बिंप तर अजिबात नाही. एका मैत्रिणीला परीक्षक कर, घोड्याशेजारी उभं राहून ती विचारेल आणि तू हात लावून दाखवशील, खुर्चीत बसून नाही. पॉइंट्स ऑफ हॉर्स (घोड्याच्या अंगाच्या भागांची नावं) बोटाने दाखवत म्हण.

परीक्षेच्या दिवशी घोडा मिळाला की लगेच चढू नकोस. समोरून तिरकी, खांद्याकडे जा, त्याच्याशी दोन शब्द बोल, तंग बघ, रिकीब हातावर माप: बोटांची टोकं खोगिराच्या बकलाला, रिकीब काखेत. चारही नालांवर नजर फिरव. मग डावीकडून चढ, खोगिरात दाणकन आपटू नकोस. ओळीत चालताना पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेव, जवळ गेलीस आणि पुढच्याने लाथ उडवली तर चूक तुझी धरतात. घोड्याने काही आगाऊपणा केलाच तर तोंडाने माफी मागत बसू नकोस, आवर आणि तीच मूव्हमेंट परत कर. उतरल्यावर रिकिबी वर सरकव, तंग एक-दोन भोकं सैल कर, आणि मगच रिपोर्ट दे. बरेच जण उतरल्या उतरल्या सॅल्यूट ठोकून मोकळे होतात, बोर्ड मात्र अजून बघत असतो.

तुमच्याकडे रिकिबीशिवाय राइड घेतात का आणि स्क्वॉड्रनचे घोडे कसे आहेत, बहुतेक थरोब्रेड की मिश्र, ते विचारून इथेच लिही. त्यावरून लंजवर किती वेळ घालवायचा ते जास्त नेमकं सांगता येईल.